काढलेल्यांची केळी

दार उघडण्यापेक्षा ते लावून घेताना जास्त माया दाखवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो आमच्या कुंपणापलीकडे राहतो. मी वसईत फ्लॅट घेतला तेव्हा गॅलरीतून दिसणारी केळीची वाडी बिल्डरने मोठ्या कौतुकाने दाखवली होती. तिच्यात उघड्या अंगाने फिरणाऱ्या काकांबद्दल मात्र तो काही बोलला नाही. हे काका खाडीकाठच्या जुन्या शेतकरी घराण्यातले. नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुलाने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. इतर निवृत्त मंडळी त्यावर फुलं आणि सुविचार पाठवायला शिकतात, तेवढ्या वेळात काकांनी आपल्या घरच्या बोलीसाठी एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि त्याला वाडीपेक्षा पक्कं कुंपण घातलं. ग्रुपचं नाव ठेवलं ‘पानी’. ज्याला या नावात चूक दिसली, तो तिथेच नापास.

ग्रुपात लिहायला सक्त मनाई होती. “लिवताना कोनीपन आपला होतो, बोलताना सापडतो,” असं काकांचं म्हणणं. त्यामुळे जे काही सांगायचं ते आवाजात, आणि या बोलीत ‘ण’ नाहीच, म्हणून ज्याच्या तोंडून एकदा जरी ‘ण’ बाहेर पडला तो स्वतःही बाहेर. काका प्रत्येक निरोप डोळे मिटून ऐकत, गवई तंबोरा लावताना ऐकतो तसा. त्यांच्या सख्ख्या भाच्याने वाढदिवसाला ‘आपण सर्वांनी दिलेल्या शुभेच्छांबद्दल’ अशी सुरुवात केली, आणि कशाबद्दल आभार मानायचे ते सगळ्यांना कळायच्या आत तो वाढदिवसाच्याच दिवशी ग्रुपाबाहेर पडला. हसायला येतं, पण काकांना यात गंमत मुळीच वाटत नसे. वाडीच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या होत्या, घरातली नातवंडं शाळेची भाषा बोलत होती, आणि आपल्या आईची बोली आपल्याबरोबरच जाणार या भीतीने हा माणूस आतून धास्तावलेला होता.

माणसाला काढायचा त्यांचा एक रिवाज होता. एरवी कंबरेला पंचा गुंडाळून वावरणारे काका त्या वेळी आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून येत, चष्मा लावत, ओटीवर ताठ बसत आणि मगच बटण दाबत. “मानसाला भायेर काढायचं काम उघड्या अंगानं करू नये,” ते म्हणत. मग सदरा उतरवून वाडीत जात, केळीची एक चांगली फणी कापत आणि काढलेल्या माणसाकडे पाठवत, तीही काकूंच्या हाती. सोबत निरोप असे, “ग्रुपातनं काढलाय, मनातनं नाय.” वसईत या केळ्यांवर वाढलेली कितीतरी घरं असतील. आमचं तर नक्कीच आहे, कारण मीही परीक्षेला बसलो होतो.

मी मूळचा देशावरचा, पण शेजारी म्हणून ग्रुपात शिरायची हौस. चार दिवस आरशासमोर ‘पानी, पानी’ घोकून गेलो. काकांनी तोंडी परीक्षा वाडीतच घेतली, आंब्याखाली. पेला दाखवला, मी “पानी” म्हणालो. बोट स्वतःकडे करून “मी कोन?” विचारलं, मी “कोन म्हंजे? काका!” असं झोकात सांगितलं. काकांची मान हलायला लागली होती, तेवढ्यात फांदीवरून तांबड्या मुंग्यांचा एक गोळाच माझ्या मानेवर पडला. “आई गं! पाणी आणा, पाणी!” मी ओरडलो. काकांनी अख्खी बादली माझ्या अंगावर ओतली आणि मग अगदी हळू आवाजात निकाल दिला. “भाऊ, दुखल्यावर जी निघते ना, ती आपली भाषा. बाकीची शिकलेली.” संध्याकाळी काकू केळी घेऊन आल्या.

या काकूही देशावरच्या, माझ्याच मुलखातल्या. लग्न होऊन वाडीत आल्या त्याला जमाना लोटला, पण त्यांचा ‘ण’ जागचा हलला नव्हता. काकांचा फोन मोठ्या आवाजात वाजे आणि काकू चुलीपाशी बसून ग्रुपातलं सगळं ऐकत, हसत, कुणाची सून बाळंत झाली ते काकांच्या आधी सांगत. एकदा माझ्यादेखत त्या म्हणाल्या, “मला घ्या की तुमच्या ग्रुपात.”

“पानी म्हन, आत्ता घेतो,” काका म्हणाले.

“माझ्या आईनं मला पाणी पाजलं. पानी नाही.”

काकांनी मान फिरवली. मला वाटलं, थट्टा चालली आहे. पण दुसऱ्या दिवशी कुंपणाशी काकू मला म्हणाल्या, “दादा, म्हणता येतं हो मला. पण तेवढं सोडलं तर माहेरचं माझ्यापाशी राहिलं काय? आणि सासूसासऱ्यांचं केलं, पोरं वाढवली, तरी ह्या घरात मी अजून परीक्षेलाच बसलेली.” त्यांचे डोळे भरून आले होते. मी काकांपाशी विषय काढून पाहिला. “तिनं एकदाच म्हनावं,” ते म्हणाले. “एकीला सोडलं तर नेम कशाला?” दोघांपैकी कुणीच हललं नाही.

गेल्या माघात काकू गेल्या. सकाळी उठल्या आणि दुपारी नव्हत्या, इतकं अचानक. मंडळी स्मशानातून परतल्यावर मी काकांजवळ ओटीवर बसलो होतो. ग्रुपाला कळवायला हवं म्हणून त्यांनी फोन तोंडाजवळ धरला.

“आमची ही गेली,” ते म्हणाले. “सकालपास्नं बरी होती. मग मना म्हनली, पाणी द्या. मी पाणी घेऊन आलो, तर…” त्यांचं बोट बटणावरून सुटलं. निरोप तसाच गेला.

सवयीने त्यांनी तो डोळे मिटून परत ऐकला. मग उठले आणि आत गेले. मला वाटलं, तोंड धुवायला गेले असतील. ते बाहेर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा सदरा होता.

“काका, अहो, ते काकूंचं बोलणं होतं. तुम्ही फक्त सांगितलंत.”

“पैलं तिचं,” ते म्हणाले. “दुसरं माझं.” चष्मा लावून त्यांनी बटण दाबलं आणि स्वतःच्याच ग्रुपातून स्वतः बाहेर पडले.

लोकांनी त्यांना पुन्हा पुन्हा आत घेतलं, ते पुन्हा पुन्हा बाहेर पडले. सुतक फिटल्यावर मी वसईच्या बाजारातून केळ्यांची एक फणी घेतली. केळीच्या वाडीत विकतची केळी घेऊन जाताना मला शरम वाटत होती, पण काढलेल्या माणसाला केळी गेली पाहिजेत, आणि ती नेणारी आता नव्हती. काकांनी फणी उलटसुलट करून पाहिली. “पावडरीत पिकवलेली,” म्हणाले. तरी तिचे दोन भाग केले, एक स्वतःपाशी ठेवला आणि दुसरा काकूंच्या फोटोपुढे.

“सगल्यांना हिच्याच हातनं धाडली,” ते म्हणाले, “आनि हिलाच कधी दिली नाय. ही तर रोजच भायेर होती.”

मग ते गुडघ्यावर हात टेकून उठले. “बसा भाऊ, पाणी आनतो.”

“पानी चालेल, काका,” मी म्हणालो.

ते दारात थांबले. “आता जमलं तुमाला,” म्हणाले. “आता घेनारा कोन हाय?” आणि पेला आणायला आत गेले.