तांदूळ धुणारा हात

लग्न झाल्यापासून चंद्रशेखररावांनी सुप्रभाला कधी तांदूळ धुऊ दिले नाहीत. हॉस्पिटलच्या बॉयलरवरची ड्युटी करून आले, की बाह्या सारायच्या, परात घ्यायची, मनगटाला एक हेलकावा द्यायचा आणि पाणी असं सोडायचं की सिंकमध्ये एक दाणा पडेल तर शपथ.

"आमचे हे घरात एवढं एकच काम करतात, पण त्याची ऐट बघा!" सुप्रभा मँचेस्टरभर सांगायची. तिची स्वतःची ऐट सासरची होती. सासर कोल्हापूरच्या गुजरीतलं, सराफांच्या गल्लीतलं. सासरे लग्नाआधीच गेलेले, सासू लग्नानंतर वर्षभरात. लग्न माहेरी झालं आणि तिथूनच दोघं मँचेस्टरला आले, त्यामुळे सासरचा उंबरा काही तिनं पाहिला नाही. पण "सराफी पेढी होती, सोन्यात वाढलेत हो हे," हे पालुपद छत्तीस वर्षं चाललं. बाई सोवळ्याची इतकी, की ट्रामच्या दांड्याला हात लागला तरी घरी येऊन साबणानं खसाखसा धुवायची.

नातीच्या, दियाच्या, दहाव्या वाढदिवसाला सगळे स्कॉटलंडच्या डोंगरात गेले. तिथं नदीत सोनं शोधायचं तिकीट मिळतं. वेलीज, म्हणजे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, भाड्यानं, थाळी भाड्यानं, सापडलेलं सोनं ठेवायला छोटी बाटली तेवढी फुकट. शिकवणाऱ्या मॅगीबाईंनी दाखवलं: नदीतली रेती घ्यायची, पाण्यात हलवायची, हलकं वाहून जातं, जड तळाला राहतं. दियानं दोनदा सगळी रेती नदीला परत केली. सुप्रभा काठावर धपाट्यांचा डबा मांडीवर घेऊन माश्या हाकत बसली होती.

"आजोबा, आता तुमचा टर्न!"

चंद्रशेखररावांनी थाळी घेतली. मनगटाला हेलकावा दिला.

सुप्रभाचा माश्या हाकणारा हात हवेतच राहिला. अगं बाई, हा तर तांदळाचा हात!

गढूळ पाणी पदरासारखं अलगद उतरलं. तळाला काळ्या रेतीची रेघ, आणि तिच्या टोकाला पिवळा कण.

मॅगीबाईंनी आ वासला. "आधी कुठल्या नदीत केलंयत हे?"

"नदीत नाही," ते इंग्रजीतच, मान खाली घालून म्हणाले. "गटारात."

"अहो! काय बोलताय?" सुप्रभा डबा टाकून थेट पाण्यात उतरली. नवी पँट, पायात साधे बूट, कसलं भान नाही.

"वडील झारेकरी होते, सुप्रभा. सराफांच्या दुकानांपुढची धूळ झाडायचे, गटारातला गाळ उपसायचे. घरी आणून आई आणि मी धुवायचो. त्यातनं कण निघायचे."

"आणि सराफी पेढी?"

"ती तू म्हणालीस. मी नाही म्हटलं नाही."

सुप्रभाचा हात गळ्याशी गेला. मंगळसूत्राच्या दोन वाट्या सासूनं लग्नात स्वतः घातलेल्या.

"ह्या?"

"आईनं अकरा वर्षं कण कण साठवला होता. तुझ्यासाठीच. तेव्हा तू कोण, तेही ठाऊक नव्हतं."

तिनं वाट्या मुठीत धरल्या.

"आजी, तुझा तोंड पांढरा झाला," दिया घाबरून म्हणाली.

चंद्रशेखरराव बायकोकडे बघत होते, निकाल ऐकायला उभं राहावं तसे. वाट्यांवरचा तिचा हात आता काय करतो, एवढंच ते बघत होते. ज्या हातातून कधी दाणा सांडला नव्हता, त्याच हातातली थाळी कलली. पिवळा कण काठाकडे सरकला.

"अहो, सांडेल!" सुप्रभानं गळ्यावरचा हात काढून थाळीची कड गच्च धरली. दोघं गुडघाभर पाण्यात, मध्ये थाळी.

"सुप्रभा, गटारातलं आहे म्हणून तुला..."

"गटाराचं मरू दे!" तिचा आवाज चिरकला. "छत्तीस वर्षं मला अख्ख्या मँचेस्टरभर बढाया मारू दिल्यात! आता त्या शेजारच्या मीनाक्षीला कुठल्या तोंडानं सांगू?"

"नको सांगूस."

"सांगणार तर! सासूबाईंचं नाव घेऊन सांगणार." तिनं नाक ओढलं. "आधी ही थाळी सरळ धरा. दिये, ती छोटी बाटली आण पळत."