गंजलेला नट आणि शत्रुघ्नच्या शिव्या

शत्रुघ्न विहिरींवरच्या मोटरी दुरुस्त करायचा आणि काम करताना शिव्या द्यायचा. सातिवलीत त्याच्या शेजारच्या गाळ्यांतली माणसं नुसत्या आवाजावरून सांगायची, आज नट किती गंजलाय ते. माणसाशी मात्र तो कधी वेडंवाकडं बोलला नाही. त्याच्या बायकोने, जिजाने, लग्नानंतर एवढंच बजावलं होतं, "लोखंडाला काय द्यायच्या त्या दे, मानसाला नको."

माघात चार दिवसांच्या तापात जिजा गेली. पंधराव्या दिवशी शत्रुघ्न कामावर आला, पण तोंड मिटूनच. सव्वीस वर्षं त्याच्या जोडीला असलेल्या व्हिन्सेंटला दिसत होतं, की हा पाना लावतो, थोडा रेटतो आणि सोडून देतो. दोन कामं अशीच अर्धी टाकली. "दम लागतो," म्हणायचा. डॉक्टरने छाती तपासली, ती ठणठणीत निघाली.

चैत्रात सालोमी मावशीच्या वाडीतली मोटर बंद पडली. सत्तरी ओलांडलेली ती बाई तीन दिवस विहिरीतून बादल्या शेंदून भाजीला पाणी घालत होती. केळींनी माना टाकल्या होत्या.

दोघे विहिरीतल्या कट्ट्यावर उतरले. पाइपाच्या जोडाचे तीन नट सुटले, चौथा हलेना. रॉकेल सोडलं, हातोडीने ठोकलं. शत्रुघ्नने मुकाट्याने जोर लावला, तसा पाना निसटला आणि बोटं सोलून निघाली. तो हूं की चूं न करता खाली बसला.

"राहू दे, व्हिन्सेंट. दुसऱ्या कोनाला तरी बघू दे ही मोटर."

व्हिन्सेंट चर्चच्या गायनमंडळात गाणारा माणूस. जन्मात कधी अपशब्द उच्चारला नव्हता. त्याने पाना उचलला, नटाकडे पाहिलं आणि बायबल वाचावं तशा सुरात म्हणाला, "गाढवा. मेल्या. वाईट माणसा."

शत्रुघ्नने मान वर केली. "वाईट मानसा? नटाला?"

"मग काय म्हणू? मला येत नाहीत."

"सरक."

पहिली शिवी अर्धीच आली. दुसरी निघाली, आणि मग बांध फुटला. नटाची आई, तो घडवणारा, त्याला गंज लावणारा खारा वारा, कुणीच सुटलं नाही. विहीर घुमू लागली. हळूहळू शिव्या नटावरून सरकल्या. त्या तापाला गेल्या, आणि शेवटी स्वतःला. जिजा "अंग जरा कसकसतंय" म्हणाली, त्या सकाळी तो कामावर निघून गेला होता.

व्हिन्सेंटने पाइप घट्ट धरला, मान वर केली नाही. कट्टकन आवाज झाला आणि नट फिरला. सुटलेल्या नटालाही शत्रुघ्न थोडा वेळ शिव्या देत राहिला. मग शब्द संपले, आणि पंपाच्या लोखंडावर कपाळ टेकून तो रडला. जिजा गेल्यापासून पहिल्यांदाच.

काठावर सालोमी मावशी बादली घेऊन उभी होती. व्हिन्सेंट ओशाळून म्हणाला, "मावशी, माफ करा."

"माझा नवरा गेला तेव्हा मी केळीच्या खुंटांना दिल्या होत्या," ती म्हणाली. "सकाळभर. वर या, चहा ठेवते."

चारच्या सुमाराला पाणी चढलं, आधी गढूळ, मग स्वच्छ. परतताना टेम्पोत व्हिन्सेंटने दबक्या आवाजात एका शब्दाचा अर्थ विचारला. शत्रुघ्नने सांगितला. रेल्वेचा पूल ओलांडेपर्यंत व्हिन्सेंटने दोनदा छातीवर क्रुसाची खूण केली.