भोंगा आकाशपाळण्यात

भित्र्या माणसाला निवड करावी लागते. शूर माणूस समोर येईल त्यात जाऊन बसतो आणि विचार बसल्यावर करतो. आमचं उलटं. परवा नातवंडांनी आम्हां दोघा म्हाताऱ्यांना शहराबाहेरच्या एका मोठ्या बागेत नेलं. तिथं रुळांवरून गाड्या आभाळात चढतात आणि माणसांसकट उलट्या होऊन खाली येतात. दारातच फळा होता: कोणता खेळ सौम्य, कोणता मध्यम, कोणता थरारक. असा फळा तेव्हा प्रभादेवीच्या जत्रेत असता, तर माझं लग्न एका पाळण्यात अधांतरी लटकलं नसतं.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मी गिरगावात चाळीत राहायचो आणि फोर्टात कारकुनी करायचो. चळवळीत छातीवर घाव झेलणारी खरी माणसं होती. मी त्यांतला नव्हतो. माझं काम घशाचं. देवानं मला बेताची उंची आणि बेताची अक्कल देऊन उरलेलं सगळं आवाजात घातलं होतं. मी "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र" म्हणालो की पुढचं "झालाच पाहिजे" समोरच्या चाळीतून यायचं. गिरणीच्या भोंग्यावरून पोरांनी माझं नावच भोंगा ठेवलं. सभा परळला असो की लालबागला, "भोंग्याला बोलवा" म्हणून निरोप यायचा.

एक गोष्ट मात्र कोणाच्या ध्यानात आली नव्हती. मी घोषणा नेहमी जमिनीवरून द्यायचो. गॅलरीतून नाही, व्यासपीठावरून नाही, कोणी टेबल पुढे केलं तर टेबलावरूनही नाही. लोक म्हणायचे, "बघा, एवढा आवाज, पण माणूस लोकांत मिसळून राहतो." खरं कारण असं, की दोन पायऱ्यांपेक्षा उंच गेलो की माझे गुडघे वेगळी चळवळ सुरू करतात. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. गॅलरीतून जाताना मी आयुष्यभर भिंतीला खांदा घासत गेलो. माझ्या सगळ्या सदऱ्यांचे खांदे आधी विरायचे.

तर असा मी, आणि मला स्थळ आलं ते आवाजावरून. मुलगी परळच्या एका शाळेत शिकवायची. तिचे आईवडील गावी मालवणाकडे, आणि मुंबईत तिचं सगळं पाहायचे ते तिचे मामा. मामा लालबागच्या एका गिरणीत होते. त्यांनी तिथल्या सभेत मला ऐकलं आणि चौकशी करत थेट आमच्या चाळीत आले. आईनं पोह्यांचा विषय काढला, तर त्यांनी हात झटकले.

"पोहे खाताना सगळेच शहाणे दिसतत, वयनी. माणूस बघूचो तो जत्रेत. प्रभादेवीची जत्रा आसा, थंयच भेटू. पोरगीक पाळण्यात बसूची भारी हौस. दोघां बसतीत, बोलतीत. आणि तुमच्या झिलाचो आवाज आयकलंय मी. असो आवाज असलेलो माणूस भियाचो नाय."

आई म्हणाली, "जत्रेत कुठं मुलगी बघतात?" पण मुलगी शिकलेली, नोकरीवाली आणि (हे मी तिच्या शाळेच्या फाटकासमोर सहज म्हणून चकरा मारून पाहून आलो होतो) मला फार आवडलेली. तेव्हा प्रश्न एवढाच उरला, की ज्या पाळण्यात बसायचं तो कोणता.

मी आदल्या संध्याकाळी पाहणीला गेलो. बरोबर शेजारच्या खोलीतला माझा मित्र होता. माझं गुडघ्यांचं गुपित जगात त्या एकालाच ठाऊक होतं, आणि ते त्यानं आतापर्यंत नीट सांभाळलं होतं. म्हणजे योग्य वेळेची वाट पाहत होता.

सुरुवात लाकडी घोड्यांपासून केली. घोडे गरागरा फिरतात, पण जमीन सोडत नाहीत. मला पसंत पडले.

"बस की," मित्र म्हणाला. "पुढच्या घोड्यावर तो शेंबड्या बसलाय, मागच्यावर त्याची बहीण. मधल्यावर तू. मुलगी खाली उभी राहून टाटा करील."

घोडे बाद झाले. मग साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्यांची चक्री पाहिली. ती वेगात आली की खुर्च्या बाहेर फेकल्यासारख्या तरंगायच्या. एक गृहस्थ उतरले आणि बायकोला सोडून तिसऱ्याच बाईचा हात धरून चालू लागले. चक्रीही बाद. मग माझी नजर मौत का कुआँवर पडली आणि मला आनंदच झाला. लाकडी विहिरीच्या भिंतीवरून दुसराच कोणी मोटरसायकल फिरवणार, जीव त्याचा धोक्यात, आपण काठावर उभं राहून हळहळायचं. भित्र्या माणसासाठी याहून उत्तम करमणूक नाही. आम्ही शिडी चढून वर गेलो. मोटरसायकल सुरू झाली आणि कळलं, की ती फिरली की काठही फिरल्यासारखा हलतो, फळ्या खडखडतात. मी खाली आलो तो बसून, एकेक पायरी बुडानं मोजत.

"मग आकाशपाळणाच," मित्र म्हणाला.

आकाशपाळणा तेव्हा हातांनी चालायचा. लाकडी चक्र, त्याला टांगलेले चार पाळणे, आणि ते फिरवायला दोन गडी. माकडासारखे चक्रावर चढायचे आणि अंगाच्या वजनानं ते खाली ओढायचे. मी बराच वेळ उभा राहून त्याचा अभ्यास केला. जे आधी बसतात ते बिचारे बाकीचे बसेपर्यंत वर टांगलेले राहतात. शेवटी बसणारा मात्र बसला की लगेच चक्र फिरायला लागतं. फिरणं एकवेळ सोसता येतं, लटकणं नाही. म्हणजे शेवटी बसायचं! शिवाय पाळणाही ठरवला, तांबड्या रंगाचा. एक धष्टपुष्ट कुटुंब त्यातून माझ्यादेखत सुखरूप उतरलं होतं. त्या रात्री मी शांत झोपलो. अभ्यास केलेल्या विद्यार्थ्यासारखा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आई देवीच्या दर्शनाच्या रांगेत लागली आणि मी मामांच्या हवाली झालो. मुलगी समोर होती. निळं पातळ, वेणीत अबोली, आणि बघण्याची पद्धत अशी, की आपली वही तपासली जातेय असं वाटावं.

"तुम्हीच का ते भोंगा?" तिनं विचारलं.

"लोक प्रेमानं म्हणतात."

"जवळून एवढे मोठे वाटत नाही."

मामांनी तोवर आकाशपाळण्याची तिकिटं आणली होती. "चपला हंयच काढा. वरसून पडली तर कोणाचो टाळको फुटतलो. मी सांभाळतंय."

"तुम्ही नाही बसत, मामा?"

"मग चपला कोण सांभाळतलो?" असं म्हणून मामा आमच्या चपलांजवळ बसकण मारून बसले.

मी ठरल्याप्रमाणे रांगेतल्या सगळ्यांना पुढे घातलं. "तुम्ही आधी, काका. वहिनी, तुम्ही चला." मामा कौतुकानं माझ्याकडे पाहत होते. मर्यादशील मुलगा! तांबडा पाळणा शेवटी आला. त्यात ती, मी आणि भज्यांचा पुडा घेतलेल्या एक अनोळखी बाई, असे आम्ही बसलो. गड्यांनी हुप्प केलं आणि चक्र फिरू लागलं.

पहिल्या फेरीला मी डोळे मिटले. पुढच्या फेऱ्यांबद्दल मला काही सांगता येणार नाही. मध्येच तिचा आवाज आला, "तिकडे बघा, समुद्र दिसतो." मी म्हणालो, "वा, सुंदर." ती म्हणाली, "समुद्र डोळे उघडल्यावर दिसतो."

शेवटी वेग मंदावला. सुटलो असं वाटलं, आणि तेव्हा माझ्या अभ्यासातली चूक मला कळली. मी लोकांना चढताना पाहिलं होतं. उतरताना पाहिलंच नव्हतं. जे आधी चढतात ते आधी उतरतात, आणि त्यांना उतरवताना शेवटचा पाळणा हळूहळू वर जातो. पहिला पाळणा रिकामा झाला. दुसरा खाली आला आणि आम्ही बरोबर टोकाला जाऊन थांबलो.

एवढ्यानंही भागलं असतं. पण त्याच वेळी खालून झेंडे आले. त्या दिवसांत चार माणसं आयती जमलेली दिसली, की तिथं मिरवणूक निघायची. आणि ही तर जत्रा. मोर्चा पाळण्यापाशी आला. गड्यांनी चक्र दोरानं खुंट्याला बांधलं, मुठी वर केल्या आणि तेही "झालाच पाहिजे" म्हणू लागले. मोर्चाच्या पुढे माझा मित्र होता. त्यानं वर पाहिलं. गुपित सांभाळण्याची त्याची मुदत तेवढ्यात संपली असावी.

"अरे, वर बघा! आपला भोंगा! दे रे घोषणा वरून!"

सगळी जत्रा वर बघायला लागली. "भोंगा! भोंगा!" पाळणा वाऱ्यानं करकरला. मी लाकडी दांड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. भजीवाल्या बाई तिच्या कानाशी वाकल्या, पण मला ऐकू आलं: "ह्यांना उलटी होईल, बाय. तू जरा सरकून बस."

मी तोंड उघडलं. पोटात होतं तेच बाहेर आलं, आणि माझ्या नेहमीच्या आवाजात आलं.

"मला खाली घ्या!"

खालून क्षणाचाही विलंब न लागता गर्जना आली, "झालाच पाहिजे!"

"अरे, खरंच सांगतो! पाळणा सोडा!"

"झालाच पाहिजे!"

"दोर सोडा रे, मेलो!"

"झालाच पाहिजे! झालाच पाहिजे!"

लोकांचा दोष नाही. ह्या आवाजामागून काय म्हणायचं, ते मीच त्यांना दोन वर्षं घोटवलं होतं. मी जे जे मागितलं ते ते झालंच पाहिजे, असं हजारो कंठ एकमुखानं सांगत होते, आणि दोराला कोणी हात लावत नव्हतं. समोर ती तोंडाला पदर लावून बसली होती. खांदे हलत होते. मला वाटलं, घाबरून रडतेय. जरा धीर आला. मग पदर सरकला आणि कळलं.

शेवटी मोर्चा पुढे सरला आणि आम्ही खाली आलो. लोकांनी पाठीत थापा मारल्या. दिल्लीश्वरांना खाली खेचा असं मी सुचवलं, असा अर्थ कोणीतरी लावलाही होता. मामांचा चेहरा उजळला होता.

"काय तो आवाज! एवढ्या उंचार बसान! माका माणसाची पारख आसा, बघ गो," ते भाचीला म्हणाले.

तिनं शांतपणे चपला घातल्या. "हो ना मामा. यांना तर पाळणा इतका आवडला, की पुन्हा एकदा बसायचं म्हणतायत."

मी असं काही म्हणालो नव्हतो. मामा तिकिटं आणायला वळलेसुद्धा. ती माझ्याकडे बघत होती, वही तपासायच्या त्या नजरेनं. गप्प राहिलो तर मुलगी मिळणार होती, पण पाळण्यातून जिवंत उतरण्याची खात्री नव्हती. बोललो तर जीव वाचणार होता, पण मामांना हवा होता न भिणारा माणूस. एरवी असा पेच पडला की मी आवाज चढवायचो. त्या वेळी जेमतेम कुजबुज निघाली.

"मामा, नको. मला भीती वाटते. वर मी घोषणा देत नव्हतो. मला खरंच खाली यायचं होतं."

मामा थांबले. त्यांचा चेहरा पडला. आता स्थळ गेलं, असं धरून मी आई कुठं दिसतेय का ते पाहू लागलो. मामांनी मागेपुढे पाहिलं, मला कोपराला धरून चक्रीच्या कनातीमागे नेलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हळू बोला, हळू. तुमका काय वाटला, मी खाली चपला राखूक रवलंय?"

ती मागोमाग आलीच होती. "सगळं घर पाळण्यात बसतं आणि मामा दर वर्षी चपला सांभाळतात," ती मला म्हणाली. "तुम्हीही काहीतरी सांभाळायला काढता, की सरळ सांगता, तेवढंच बघायचं होतं."

"गप ऱ्हव गो!" मामा कावरेबावरे झाले आणि मग उगाच मोठ्यानं ओरडले, "चला, चला, खाजा खावया! वयनी खंय ऱ्हवली?"

तर परवाच्या त्या बागेत नातू मला फळा वाचून दाखवत होता. "आजोबा, तुम्ही सौम्यमध्ये बसा." मी म्हणालो, "बाबा रे, मला भीती वाटते. मी इथं बाकावर बसतो." आमच्या घरात हे वाक्य मोठ्यानं म्हणायला आता कोणाला कमीपणा वाटत नाही. सगळ्यांनी आपापले चष्मे, पिशव्या, चपला माझ्यापाशी ठेवल्या आणि थरारकच्या रांगेत गेले. सगळ्यांत पुढे ती, गुडघे दुखतात म्हणून घरात जिना टाळणारी.

गाडी टोकाला जाऊन थांबल्यासारखी झाली. वरून ओळखीचा आवाज आला, "अहो, द्या की घोषणा!"

बाकावरची माणसं माझ्याकडे बघू लागली. मी मान खाली घालून चपलांच्या जोड्या लावत राहिलो.