साडूभाऊंचे सहा ठिपके

माझ्या अकोल्याच्या साडूंसारखा लोकांना खुळं लावणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही, आणि तो नेमका माझाच साडू निघावा, हे मला अजून पचलेलं नाही. आमच्या सासऱ्यांना जावई दोनच. मी अमरावतीत वकील, व्याख्याता म्हणून थोडंफार नाव असलेला. ते साधे ड्रॉइंग मास्तर. तरी बाळापूरच्या सासुरवाडीत कौतुक सगळं त्यांचं.

त्यांना वेड होतं ब्रेलचं. स्वतःचे डोळे लख्ख होते. पण कुठल्याशा अंधशाळेत सहा ठिपक्यांची ती लिपी पाहून आले आणि कामातून गेले. ही लिपी डोळसांनीही ओळखावी, आंधळ्यांसाठी गावानंच पुस्तकं करावीत, असा त्यांचा ध्यास. खिशात जाड कागद आणि टोचणी. न्हाव्याच्या दुकानात, मोटारस्टँडवर, भेटेल त्याला "डोळे मिटा, बोट फिरवा, काय लागतं सांगा." मेव्हण्याच्या लग्नात तर बोहल्यावर चढण्याआधी त्यांनी नवऱ्याला नवरीचं नाव बोटानं वाचायला बसवलं. मुहूर्त टळायला आला, भटजी घड्याळ काढून उभे. आता सासरे खवळणार म्हणून मी मनातल्या मनात सरसावून बसलो, तर सासऱ्यांनी स्वतःच डोळे मिटून बोट पुढे केलं. "जावई असावा तर असा," ते म्हणाले. मी शेजारीच होतो.

पुढे अकोल्याच्या बायका दुपारी त्यांच्या ओसरीवर जमून गोष्टी ठिपक्यांत उतरवू लागल्या. कागद मागून टोचायचा, तोही उजवीकडून डावीकडे, म्हणजे उलटल्यावर अक्षरं सुलट. हे सगळं आमची हीसुद्धा शिकून आली. माझा चहा गार व्हायचा आणि ही म्हणायची, "भावजींचं एवढं पान होऊ द्या."

एका गणेशोत्सवात अमरावतीत माझं व्याख्यान आणि त्यांचं ब्रेलचं प्रदर्शन एकाच संध्याकाळी आलं. माझ्यासमोर मंडळाचे चिटणीस आणि रिकाम्या सतरंज्या. चिडून मी त्यांच्या मांडवात गेलो. तिथे गाव डोळे मिटून कागद चाचपत बसलेलं. एवढ्यात वलगावची एक शेतकरीण उठली. देवीत डोळे गेलेली तिची पोर कडेला उभी होती.

"भाऊ, डोळेवाल्यायलेच शिकवून राह्यले तुमी. माह्या पोरीले कावून नाई?"

साडूंनी हातातला कागद खाली ठेवला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे माझे साडूभाऊ. यांच्या घरी आमच्या मेव्हणीबाई शिकवतील. बाजाराला येता तेव्हा पोरीला घेऊन या." मला कोणी विचारलं नाही. टाळ्या पडल्या, त्याही त्यांना.

पोर येऊ लागली. आधी बोटांना नुसता खरखरीतपणा लागे, म्हणून ती रडे. ही तिला जवळ घेऊन पुन्हा बोट ठेवी. एका बाजाराच्या दिवशी तिनं अख्खी ओळ वाचली, आणि तिची माय भाजीची टोपली तशीच डोक्यावर घेऊन रडत उभी राहिली. मी ताबडतोब अकोल्याला तार केली, हे मात्र हिला ठाऊक नाही.

परवा ती पोर आली होती. आता अंधशाळेत शिकवते. साडू गेल्याचं तिला उशिरा कळलं. बराच वेळ हिचा हात धरून बसली, मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "आवाज आठवते मले त्यायचा. दिसत कसे होते, काका?"

"माझ्यापेक्षा देखणे," मी म्हणालो. त्यांच्याविषयी इतकं सरळ मी उभ्या आयुष्यात बोललो नव्हतो, आणि ऐकायला ते नव्हते.