वाढवून सांगितलेले मार्क

मुलीने दहावीनंतर काय घ्यायचं हे ठरवायला आमच्या घरी चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही. निकाल लागला, ब्याण्णव टक्के पडले, आणि आमचे हे म्हणाले, "आता बायो. डॉक्टर." सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर." मी म्हणाले, "हो तर." झालं. पोरगी अकरावीच्या विषयांची यादी हातात धरून उभी होती आणि तिचं बोट एका ओळीवर होतं. पीकशास्त्र. तिला ते घ्यायचं होतं.

"फुलं लावायले आता कालेजात जा लागते काय?" हे म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. सगळ्यांत जास्त मी हसले, हे आधीच सांगून टाकते.

आमचं गाव चांदूर बाजारजवळ. शेतात शेवंती, झेंडू, थोडा निशिगंध. हे पहाटे फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जातात. तोडणी आणि हार माझ्याकडे आणि सासूबाईंकडे. दर हिवाळ्यात शेवंतीवर करपा येतो, पानं खालून काळी पडत पडत वर चढतात, आणि कृषी केंद्रवाला जी बाटली देईल ती हे फवारतात. पोरगी सातवीत असल्यापासून विचारायची, "बाबा, त्या बाटलीत काय हाय?" ह्यांचं उत्तर ठरलेलं, "औषध." एवढ्यावर तिचं कधी भागलं नाही. पण पोरीचे प्रश्न म्हणजे हुशारी, आणि हुशारी म्हणजे डॉक्टर, असा आमचा सरळ हिशेब होता.

आमच्याकडे नीटचा क्लास म्हटलं की अकोला. सोळा वर्षांची पोरगी एकटी परगावी कशी ठेवायची, म्हणून मी सोबत गेले. एक खोली भाड्याने घेतली. मधे प्लायवूड लावलेलं; पलीकडे तिचं टेबल, अलीकडे माझा गॅस आणि मी. त्या गल्लीत घराआड एक आई अशीच राहत होती. शेजारच्या खोलीत धारणीच्या एक बाई होत्या, मुलाला घेऊन आलेल्या. सकाळी पोरं क्लासला गेली की आम्ही सगळ्या कपडे वाळत घालायला बाहेर यायचो आणि एकमेकींना एकच प्रश्न विचारायचो, "काल किती पडले?"

मला तिथलं रिकामपण सोसत नव्हतं. घरी असताना माझे हात कधी थांबलेले नव्हते. दसऱ्याच्या आधी तर जेवायलाही फुरसत नसायची. इथे दोन माणसांचा स्वयंपाक केला, दोन भांडी घासली की दिवस संपला. सगळं घर तिकडे राबत होतं आणि मी इथे पंख्याखाली बसून होते. माझ्या बसण्याचं काही फळ दिसायला हवं, तर ते रविवारी दिसायचं. सकाळी टेस्ट, दुपारी तीनच्या सुमारास मोबाईलवर मार्क. चारला घरून फोन.

पहिल्या टेस्टला सातशे वीसपैकी दोनशे बारा पडले. चार वाजता फोन वाजला. ह्यांनी स्पीकर चालू केलेला, बाजूला सासूबाई, मागे गड्याबायांचा आवाज.

"किती पडले वं?"

"तीनशे वीस," मी म्हणाले.

कसं तोंडातून निघालं, देव जाणे. ठरवलं नव्हतं. तिकडून सासूबाई म्हणाल्या, "पहिल्याच परीक्षेत? वा बाप्पा." मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, दोन महिन्यांत कोणी मला वा म्हटलं नव्हतं. पुढच्या वेळी खरे पडतील, मग काय फरक पडतो, असं मी मनाला समजावलं आणि चहा टाकला.

पुढच्या रविवारी दोनशे तीस आले. आता तीनशे वीसच्या खाली कसं उतरायचं? मी तीनशे पस्तीस सांगितले. मग ते चालूच राहिलं. खोटं बोलायलाही अक्कल लागते. मी मधे एकदा मुद्दाम वीस मार्क उतरवले आणि "फिजिक्स लय अवघड होतं" असं कारणही जोडलं, म्हणजे कोणाला शंका नको. पोरगी खरोखर मेहनत करत होती. अकरावीच्या अखेरीला ती दोनशे सत्तरला पोचली. माझ्या फोनवर तेव्हा चारशे चाळीस चालू होते.

आणि मी तिलाच रागवायची. एवढं खाऊ घालते, एवढी उशाशी बसते, तरी पोरगी माझी लाज राखत नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात भरलं होतं. "तुही मेहनतच कमी पडून राहिली," मी म्हणायची. "त्या धारणीच्या पोराचे पाह्य, किती पडतात." ती मान खाली घालून जेवायची आणि उठून पलीकडे जायची. उलट बोलली असती तर बरं झालं असतं, भांडण तरी झालं असतं.

दिवाळीला घरी गेलो तर गावात ती डॉक्टरीणबाई झालेली. म्हातारी माणसं तिच्यापुढे हात करून नाडी पाहा म्हणायची. एकीने तर गुडघ्याला काय लावू विचारलं. मी हसत होते. पोरगी सगळ्यांना "अजून शिकून राहिली काकू" एवढंच म्हणत होती. तिच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कळलं असतं, मी काही इतकी मठ्ठ नाही.

बारावीच्या जानेवारीत ती एका दुपारी प्लायवूडच्या अलीकडे आली. मी पोळ्या लाटत होते. म्हणाली, "आई, सीईटीचा फॉर्म निघाला. मी भरते. कृषीले जाता येते त्याच्यावर."

मी लाटणं थांबवलंही नाही. "कायले? नीट तर होऊनच राहिली तुही."

खरं सांगते, त्या क्षणी मला ते खरंच वाटत होतं. फोनवरचा आकडा तोवर पाचशे चाळीसवर गेला होता, आणि इतक्या वेळा सांगून तो माझ्याच डोक्यात पक्का बसला होता.

ती म्हणाली, "कोनाची होऊन राहिली? माही, का तू फोनवर सांगते त्या पोरीची?"

माझा हात थांबला.

"तिले पाचशे चाळीस पडतात," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मले तीनशे दहा. पहिल्या रविवारपासून ऐकून राहिली मी, आई. मधात प्लायवूड हाय, भिंत नाई."

मी विचारलं, मग तेव्हाच काहून नाही बोलली? विचारायला नको होतं.

"मले वाटलं, तू सांगतलं तेवढे पाडून दाखवू. तीनशे वीस पाडले की मंग खोटं राहत नाई. म्हनून रोज जास्त बसे. पन मी वर गेली की तू अजून वर सांगे. मी कुठवर धावू सांग बरं."

पोळी तव्यावर काळी झाली. मी गॅस बंद केला आणि खाली बसले. लाज वाटायला हवी होती ती मला, आणि दीड वर्ष ती मी पोरीच्या अंगावर टाकली होती. मी तिला म्हणाले, "चुकलं माह्यं." ती म्हणाली, "हाव." एवढंच. तिने मला सोडून दिलं नाही आणि धरूनही ठेवलं नाही.

संक्रांतीला मी एकटीच गावी गेले, तिला टेस्ट होती. जाताना एसटीत ठरवलं होतं की ह्यांना बाजूला घेऊन हळूच सांगायचं. पण घरी पोचले तर अंगणात हळदीकुंकवाच्या बाया बसलेल्या आणि सासूबाईंनी वाण म्हणून पेनं आणलेली. नात डॉक्टर होणार म्हणून पेनं. एकेकीच्या ओटीत पेन टाकताना त्या सांगत होत्या, "साडेपाचशे पडतात आता." मी पाचशे चाळीस सांगितले होते, दहा त्यांनी त्यांच्या पदरचे घातले होते. घराणंच आमचं तसं.

शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "नशीब काढलं बाई तुमच्या पोरीनं."

मी म्हणाले, "तीनशे दहा पडतात तिले."

कोणाला कळेना. सासूबाई हसल्या, म्हणाल्या, "थकली ते एसटीनं." मी पुन्हा म्हणाले, "आत्याबाई, तीनशे दहा. पाचशे चाळीस कधीच नोते. मीच वाढवून सांगे. पोरगी नाई, मी."

"म्हनजे नापास होते काय?" एकीने विचारलं.

"नापास नाई. पन डॉक्टर होन्याएवढे नाई. अन् तिले व्हायचंही नाई. तिले कृषीचं शिकायचं हाय. दहावी झाली तेव्हाच सांगत होती ते."

ज्या बायांपुढे मान वर करता यावी म्हणून एवढं सगळं केलं, त्याच बसल्या होत्या. सासूबाईंनी उरलेल्या बायांना हळदीकुंकू लावलं, पेनं दिली, आणि माझ्यापाशी आल्यावर ताट घेऊन सरळ आत निघून गेल्या. माझं कपाळ तसंच राहिलं. मला राग आला नाही, त्या दिवशी तो हक्क माझा नव्हता.

हे मागच्या बाजूला फुलांचे क्रेट धूत होते. आवाज मागेपर्यंत गेला होताच. मी जाऊन उभी राहिले. बराच वेळ ते पाणी मारत राहिले.

"पोरीनं मले काहून नाई सांगतलं?" शेवटी म्हणाले.

"तुमी तिले कधी विचारलं? दर खेपी मलेच विचारे तुमी."

त्यांनी नळी खाली टाकली. "मी तुले विचारे कारन तू तिच्याजवळ होती," ते म्हणाले. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला अमरावतीच्या एसटीत बसवून दिलं, तेही न बोलता.

अकोल्याला आल्यावर आम्ही मायलेकींनी फॉर्म भरायला घेतला. तर ओटीपी गेला ह्यांच्या मोबाईलवर, नंबर त्यांचाच दिलेला. आता आली का पंचाईत. मी फोन लावला, म्हणाले, ओटीपी आला असेल. त्यांनी आकडे एकेक करून वाचले आणि फोन ठेवून दिला. पोरगी खुदकन हसली. किती दिवसांनी हसली होती. फॉर्म भरला. नीटचाही भरायचा असं तिनेच ठरवलं, दोन वर्षं अभ्यास केला तर परीक्षा देते म्हणाली. मी "तू म्हणशील तसं" म्हणाले आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही, पण बसले.

मग रविवार आला. सकाळी टेस्ट झाली. तीन वाजता तिने मोबाईल पाहिला आणि मला काही दाखवला नाही. मीही मागितला नाही. कणीक मळत होते. चारला फोन वाजला. मी पिठाच्या हाताने उचलला तर हे म्हणाले, "तिले दे."

पोरीने फोन घेतला आणि आपणहून स्पीकर चालू केला.

"किती पडले बेटा?"

दीड वर्षात तिला हा प्रश्न तिच्या बापाने पहिल्यांदा विचारला होता. ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "दोनशे अठ्ठ्यानव, बाबा."

म्हणजे आणखी बारा उतरलेले. माझ्या तोंडापर्यंत आलं होतं की पेपर अवघड होता, सगळ्यांचेच कमी आले. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

"बरं," हे म्हणाले. "जेवली काय?"

"नाई अजून."

"जेव मंग. उद्या करतो फोन."

तिने फोन ठेवला. मी पोळ्या केल्या, आलूची भाजी होतीच. ती पोटभर जेवली, ताटावरून उठली आणि टेबलाशी न जाता खाली चटईवर आडवी झाली. पाच मिनिटांत तिला झोप लागली, उजेडात, तोंड उघडं टाकून. अकोल्यात आल्यापासून रविवारी दुपारी तिला झोपलेली मी पाहिली नव्हती. मी तिथेच बसले आणि रडले. मग उठले, भांडी तशीच ठेवली, आवाज होईल म्हणून.