नापास मोरल्या

"अजून चिकटतंय," असं म्हणून आमचे घरमालक लोहचुंबक मागे घ्यायचे आणि समोरच्या वस्तूकडे नाराजीनं बघायचे. ती वस्तू बहुतेक वेळा भट्टीतली पट्टी असायची. पण सवय अशी जडलेली, की चुंबक जिन्याच्या कठड्यालाही लागायचं, माझ्या पिठाच्या डब्यालाही लागायचं, आणि एकदा माझ्या नवऱ्याच्या पट्ट्याच्या बकलाला लागलं, नवरा त्या पट्ट्यात असताना.

तुर्भ्याजवळच्या पावणे गावात त्यांची चार मजली इमारत. आम्ही दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू, मी घरून केक करून विकते. ते आणि त्यांची बायको तिसऱ्यावर. मी त्यांना काका-काकू म्हणते. दोघंही इथलीच, खाडीकाठची आगरी माणसं. आम्ही वाईकडचे. मासा म्हटलं की माझं नाक आपोआप वर जातं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला फार चांगली समजणार नाही.

काका इथल्याच एका कारखान्यात टाइमकीपर होते. कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता गेलं, एवढं बघणं हे त्यांचं जन्मभराचं काम. टूलरूम, म्हणजे कारखान्याची हत्यारं बनवायची खोली, त्यांच्या खिडकीच्या समोर होती. आत त्यांनी पाऊल टाकलं असेल ते पूजेच्या प्रसादाला. पण बोलणं ऐकाल तर अख्खी टूलरूम यांच्याच खांद्यावर उभी होती. "आमच्या टूलरूममधी अशी घाई चालत नव्हती," हे वाक्य त्यांनी रिक्षावाल्याला, दूधवाल्याला आणि भटजीला ऐकवलेलं मी ऐकलंय.

रिटायर झाल्यावर ते खालच्या गेटशी खुर्ची टाकून बसायला लागले. मी पिशवी घेऊन बाहेर पडले की, "आज उशीर. काल सव्वानऊला गेलतीस." परत आले की, "बाजाराला एवढा वेळ?" तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "काका, मला हाफ डे लावा." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. विचार करतो म्हणाले.

मग ते मोरलीचं प्रकरण झालं. मोरली म्हणजे आपली विळीच, पण मासे कापायची. पाटावर बसून पात्यावर मासा ओढायचा. काकूंची मोरली त्यांच्या आईनं लग्नात दिलेली. तिच्यावर त्यांचा एवढा जीव, की दुसरं कुणी तिच्यावर कांदाही चिरायचा नाही. एक दिवस काकूंचा भाऊ माहेराहून जिताडा घेऊन येणार म्हणून निरोप आला. जिताडा म्हणजे खाडीतला मोठा मासा, यांच्यात त्याचा केवढा मान. जावयाला जिताडा पाठवला म्हणजे जावई अजून शिल्लक आहे असं धरतात. काकांना वाटलं, एवढा मोठा मासा, त्याच्या तोडीची धार नको? त्यांनी मोरलीचं पातं सोडवलं, गॅसच्या शेगडीवर लालबुंद केलं, चुंबक चिकटेनासं झालं, म्हणजे पुरतं तापलं, तसं बादलीतल्या पाण्यात बुडवलं. चर्रर्र आवाज झाला. वरून कानस घासली तर कानस सरकून गेली, चरा उठेना. काका इतके खूश झाले की मला वर बोलावून दाखवलं.

आता यात एक मेख आहे, ती मलाही नंतर कळली. असं एकदम कडक केलेलं स्टील काचेसारखं ठिसूळ असतं. ते लगेच दुसऱ्यांदा, मंद आचेवर, बराच वेळ शेकावं लागतं. मग कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा येतो. त्याला टेम्परिंग म्हणतात. हे काकांना माहीत होतं. पण मेव्हण्याची गाडी तोवर खाली लागली होती, आणि मेव्हण्याला दारात उभं ठेवून शेकत कोण बसतो.

काकू पाटावर बसल्या, जिताडा धरला, मानेशी दणका दिला. टिंग. पात्याचे दोन तुकडे. एक काकूंच्या पुढ्यात आणि एक मेव्हण्याच्या चहात.

काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं काका पुढे मला कितीदा म्हणाले. त्या नुसत्या उठल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "माज्या आयेची मोरली मोडलीस ना, आता तशीच आन. तवर या घरान म्हावरा शिजनार नाय." म्हावरा म्हणजे मासळी. जिताडा तसाच्या तसा मेव्हण्याबरोबर परत गेला.

आमच्याकडे एखाद्या घरात मासा बंद झाला तर कुणाला कळणारही नाही. पण इथं? शेजारच्या बायका सांत्वनाला आल्या. काकांच्या ताटात दुधी आला, दुसऱ्या दिवशी पडवळ आलं, तिसऱ्या दिवशी परत दुधी. काका जिन्यात भेटले तर चेहरा उतरलेला. म्हणाले, "मोरली आनीन गं बाजारातून. पन ती चालायची नाय. मी मोडली, मीच केली पायजे."

झालं. गच्चीवर भट्टी उभी राहिली. भट्टीच्या विटा, अर्धं कापलेलं पिंप, कोळसा, आणि वारा घालायला माझा हेअर ड्रायर. तो मी उसना दिला होता असं ते म्हणायचे. मला तर कपाटात शोधून शोधून शेवटी गच्चीवर सापडला, काळा ठिक्कर. टूल स्टीलच्या पट्ट्या भंगारवाल्याकडून यायच्या, आकार वर्कशॉपमधून कापून यायचा, पण कडक करायचं काम मात्र घरीच. ते दुसऱ्याकडून करून घेतलं तर चूक फिटत नाही, असं त्यांचं गणित.

यावेळी पाण्याऐवजी तेल. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याचं तळून उरलेलं तेल काका डबाभर आणायचे. लाल पट्टी त्यात बुडवली की भक्कन जाळ यायचा आणि मग सगळ्या गल्लीत बटाटेवड्याचा वास. पहिल्याच दिवशी चौथ्या मजल्यावरची मंडळी बशा घेऊन गच्चीवर हजर. काकांनी चिमट्यात धरलेली काळी पट्टी त्यांच्यापुढे केली आणि म्हणाले, "घ्या, गरम हाय." त्यातल्या एकानं जरा निरखून बघितली, हे मी शपथेवर सांगते.

टेम्परिंगसाठी मात्र नेमकं तापमान हवं. गॅसवर ते जमेना. आणि नेमकं तापमान या इमारतीत एकाच ठिकाणी होतं, माझ्या ओव्हनमध्ये.

मी साखरपुड्याच्या केकचा स्पंज आत ठेवला होता. बेल वाजली. दारात काका, हातात गोणपाटात गुंडाळलेली पट्टी, कपाळावर तेलाचा ओघळ.

"ओव्हन दे. दोनशे डिग्री, दोन तास."

"काका, आत केक आहे. एकशे सत्तरवर."

"मंग वाढव."

"केक जळेल."

"जळला तर दुसरा होईल. ही आता हार्ड झालीय, लगेच नाय शेकली तर बसल्या जागी तडकेल. तिसऱ्या मजल्यावर बाई दुधी चिरतेय गं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण घरमालक पडला, आणि त्या दुधीच्या उल्लेखानं मी जरा विरघळलेही. पट्टी वरच्या जाळीवर गेली, केक खाली. आम्ही दोघं ओव्हनच्या काचेसमोर खुर्च्या टाकून बसलो. काकांनी पट्टी घासून चकचकीत केली होती. शेकताना तिच्यावर रंग चढतात. आधी गवताच्या काडीसारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. कुठल्या रंगावर थांबायचं यात सगळी कला. "पिवळा आला," ते म्हणाले. "तुपाचा आहे," मी म्हटलं. "जुन्या तुपाचा व्हायला पायजे." माझा केक तोवर टरारून फुगला आणि मधोमध उभा फाटला.

काकांनी वाकून बघितलं. "घाई केलीस," म्हणाले. "तडकला."

मी त्यांना लाटणं फेकून मारलं नाही, याची नोंद माझ्या पुण्यात व्हायला हरकत नाही. केकची भेग क्रीमनं बुजवली. पट्टी मात्र सुरेख निघाली, जुन्या तुपाच्या रंगाची, कानस तिला जेमतेम लागत होती. काकांनी ती लाकडी पाटाला बसवली, हळदकुंकू लावलं आणि मला साक्षीदार म्हणून वर नेलं.

काकूंनी नखावर धार बघितली. बत्त्यानं दोनदा ठोकून आवाज ऐकला. सुक्या खोबऱ्याची एक वाटी कापली. मग पातं पुसून भिंतीशी उभं केलं. "जर हाय," म्हणाल्या. जर म्हणजे जड, आणि जड म्हणजे नापास.

दुसरी हलकी निघाली. तिसरीचा वाक बरोबर नव्हता. चौथीला म्हणाल्या, "ही आवाज नीट करत नाय." मोरलीनं आवाज कसा करावा, मला काय ठाऊक. काका मात्र दर वेळी गंभीरपणे ऐकून घ्यायचे, "बरोबर हाय तिचं" म्हणायचे आणि चुंबक घेऊन गच्ची चढायचे. गेटशी खुर्ची रिकामी पडली. वर्ष उलटून गेलं. बुधवारची दुपार माझ्या ओव्हनची नाही, हे माझी गिऱ्हाइकंसुद्धा शिकली.

एकदा मी मैद्यासाठी तुर्भ्याला गेले होते. खानावळीच्या खिडकीतून बघते तर काका. पुढ्यात तळलेली सुरमई, ताटात काट्यांचा ढीग. मला बघून एक क्षण थबकले, मग तुकडा वर धरून म्हणाले, "काप कसा हाय ते बगायला आलोय. अभ्यास." तिसरी प्लेट होती अभ्यासाची. घरी सांगू नको म्हणाले, आणि मला सोलकढी पाजली.

पुढच्याच आठवड्यात काकू भावाकडून आल्या, तर जिन्यात बोंबलाचा घमघमाट. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला. "भावान जबरदस्ती केली. यांना सांगू नको, जीव जलल त्यांचा." म्हणजे बघा, मासा घरात बंद, आणि मासा दोघांच्याही पोटात चालू, आणि मधे मी, जिला माशाचा वास सोसत नाही, ती दोघांचं गुपित पोटात घेऊन फिरतेय.

एकदा मी वैतागून काकूंना म्हटलंसुद्धा, "अहो, किती दमवाल त्यांना? करा की एखादी पास." काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "करीन." त्या वेळी मला त्या फार कठोर वाटल्या, आणि तसं मी घरी येऊन नवऱ्याला ऐकवलं.

सगळी गल्ली म्हणायची, हा माणूस एक दिवस त्या भट्टीत भाजून निघणार. तसं काही झालं नाही. उन्हाळ्यात एका दुपारी पट्टी तेलातून काढली, दुधीची भाजी-भाकरी जेवले, जरा पडतो म्हणाले आणि उठलेच नाहीत. ती पट्टी न शेकता तशीच गच्चीवर राहिली. मला रडू आलं ते त्या पट्टीकडे बघून. एवढ्या खटपटीत एकही मोरली पास न होता माणूस गेला, याचा मला काकूंवर राग आला, तोही खराखुरा.

दिवसकार्य झालं. त्यानंतर भाऊ जिताडा घेऊन आला, सुतक संपल्यावर माहेरचं तिखट जेवण म्हणून. काकूंनी मला वर बोलावलं. पलंगाखालून त्यांनी गुंडाळलेलं एक धुडकं ओढून काढलं आणि त्यातून मोरली काढली. पाट नवा कोरा. काकू बसल्या, जिताडा धरला, मानेशी दणका दिला. लोण्यात सुरी जावी तसं पातं आरपार गेलं. दुसऱ्या दणक्यात शेपूट.

"ही कुठली?" मी विचारलं. "शेवटची?"

"पयली," काकू म्हणाल्या. "तुज्या केकबरोबर शेकली ती."

"ही तर तुम्ही नापास केली होती. जड म्हणून."

"जर कुठं? आयेच्या मोरलीपरीस भारी हाय." त्या कापत राहिल्या. "रिटायर झाला ना, तवा सकाली उठून बूट घालून डबा भरून मांगायचा. मना कलायचं नाय काय करू. मी डबा भरून देयाची. तो डबा मांडीवर घेऊन पलंगावर बसायचा, शिटी व्हयपर्यंत. कारखान्याची संध्याकालची शिटी. मंग गेटवर बसाया लागला, तरी मना भ्याव वाटायचं. आनि मोरली मोडली तशी गडी उठून उभा राह्यला. पयली पास केली असती तर परत बसला असता गं."

माझा सगळा राग गेला आणि त्या जागी दुसरं काहीतरी येऊन बसलं, त्याला काय म्हणतात मला माहीत नाही. शेवटी विचारलं, "त्यांना सांगितलंत कधी?"

"गनपती गेल्याव सांगनार व्हते. बोलवून, समोर बसवून, जिताडा कापून सांगनार व्हते. अजून वेल हाय म्हनलं." त्यांचा हात एवढ्या वेळात पहिल्यांदा थांबला. भाऊ उगाच खिडकीबाहेर बघत राहिला.

जेवायला बसलो. काकूंनी सगळ्यांना वाढलं, आणि टोपात उरलेलं जिताड्याचं डोकं पळीत घेऊन उभ्या राहिल्या. कुणाच्या ताटात टाकावं ते कळेना त्यांना. घरात डोकं खाणारा एकच माणूस होता.

मी माझं ताट पुढे केलं.