मोहरीएवढी गोळी

आत्याच्या कमरेला चंची असायची. तिच्यात पान, सुपारी, कात आणि वेगळ्या कप्प्यात एक पितळी डबी. डबीचं झाकण उघडलं की उग्र, कडसर वास यायचा. तो वास आज नुसता आठवला तरी मला आमचं तेर गावाजवळचं शेत दिसतं, बाभळीला बांधलेली झोळी दिसते आणि झोळीत गाढ झोपलेलं कुणाचं तरी तान्हं पोर.

डबीत अफू असायची. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याकडेच राहिली. संध्याकाळी चहाबरोबर ती हरभऱ्याएवढी गोळी तोंडात टाकायची आणि मग तिच्या गोष्टींना जो रंग चढायचा, तो मी पुन्हा कुणाच्या बोलण्यात पाहिला नाही. सकाळी गल्लीतल्या बाया पोरं घेऊन तिच्यापुढं बसायच्या. ती मोहरीएवढी गोळी करून दुधात कालवून द्यायची. पोर निजलं तरच बाई खुरपायला वाकणार. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. व्यसनी म्हणायचं ते शिंदी पिऊन पाराखाली लोळणाऱ्याला. आत्याला आपली सवय होती, एवढंच. हल्ली देशात नशा किती पसरली याच्या बातम्या वाचते, तेव्हा मला हसू येतं. आमच्या गावात मोजायला बसलं असतं तर पाळण्यापासून मोजावं लागलं असतं. माझाही नंबर त्यात लागला असता.

निजामाचं राज्य गेलं आणि काही वर्षांनी अफूची दुकानं बंद झाली. आत्या सरकारवर भडकली. म्हणाली, "दारुडे गावभर मोकाट, आन माझी बोटभर डबी सरकारच्या डोळ्यात खुपती व्हय!" डबी तळाला गेली तशी तिची चिडचिड वाढली. अश्विनातल्या पुनवेला ती तुळजापूरला गेली. देवीचं दर्शन तर घेतलंच, पण येताना एका बैराग्याकडून डबीही भरून आणली. घरी आली ती खुशीत.

भुईमूग काढायचे दिवस होते. थोरल्या भावाचा मुलगा, घरातलं पहिलं नातवंड, अजून पालथंसुद्धा पडत नव्हतं. आत्यानं रोजच्यासारखी गोळी केली. माप तेच, बोटंही तीच. पण दुकानात मिळायची ती अफू भेसळीची, आणि आत्याचं सगळं माप त्या भेसळीवर बसलेलं होतं. बैराग्याची अफू अस्सल निघाली.

दुपारी वहिनी पाजायला झोळीपाशी गेली. बाळ हलेना. ओठ निळसर पडलेले, श्वास मधेच थांबायचा. आत्यानं त्याला उचललं, तळव्याला चिमटे काढले, गार पाणी मारलं, कांदा फोडून नाकाशी धरला. भावानं गाडी जुंपली. तेरच्या दवाखान्याकडं निघालो, मीही मागं चढून बसले. वाटभर आत्या त्याला हलवत एकच बोलत होती, "जागा ऱ्हा, राजा. जागा हाईस न्हवं?" नदीच्या उताराला बाळानं तोंड वाकडं केलं आणि रडलं. इतकं गोड रडणं मी नंतर ऐकलं नाही.

घरी आल्यावर आत्यानं सगळी अफू उकिरड्यात पुरली, डबी राखेनं घासली आणि वहिनीला दिली. "काजळाला व्हईल," एवढंच म्हणाली. वहिनीनं डबी घेतली, पण आत्याशी बोलणं टाकलं.

मग दोघांचे हाल सुरू झाले. बाळालाही सवय लागली होती. आत्याचं नाक गळायचं तसं त्याचंही गळायचं, ती जांभया देत तळमळायची आणि तो किंचाळायचा. कुणाकडं थांबेना, तेव्हा एका सकाळी वहिनीनं त्याला आत्याच्या मांडीवर ठेवलं. त्याला खांद्यावर टाकून आत्या अंगणात फिरत राहिली. "आमी दोघं एकाच दुखन्यात पडलोय, बाई," ती म्हणाली, आणि वहिनी पहिल्यांदा रडली.

पोर लवकर सावरलं. आत्या मात्र वाळत गेली. चहा व्हायचा, पण गोष्ट निघायची नाही. तिनं केलं ते बरोबरच केलं, हे मला कळत होतं. तरी मला ती जुनी, रंगात आलेली आत्या हवी होती. अजूनही हवी आहे.

पोरगं शाळेत जायला लागलं, त्या साली आत्याच्या पोटात दुखणं निघालं. वेदना बघवेनात. भावानं कुठूनशी अफूची हरभऱ्याएवढी गोळी मिळवली. आत्या तोंड उघडेना. दात घट्ट आवळून पडून राहायची आणि मधेच विचारायची, "पोरगं जागं हाय का?" आम्ही सगळे हो म्हणायचो. तिला पटायचं नाही.

शेवटी पोरगंच तिच्या उशाशी जाऊन बसलं.

"मी जागाच हाय की, आजी," ते म्हणालं.

आत्यानं त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं. मग तोंड उघडलं.